रक्ताच्या पिशवीतल्या पुरचुंड्या

एप्रिलातला रविवार, दुपारचे अडीच. सोलापुरात त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पंख्याखाली आडवी झाले होते, तेवढ्यात मंगळवेढ्याहून अक्काचा फोन. "काय करायलीस?" हे तिचं ठरलेलं पहिलं वाक्य, पण आवाज नेहमीचा नव्हता. "एक फोटो पाठवलाय बघ. चिनूसाठी. एक्झोसोमचं इंजेक्शन मिळायलंय म्हणे. हे म्हणतायत, दोन म्हशी काढू."

फोटो उघडला. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचं गुळगुळीत पत्रक. वर चमचमत्या गोळ्यांचं चित्र, खाली 'पेशींचे नैसर्गिक दूत'. सहा इंजेक्शनं, २ लाख ४० हजार. कशावर चालतं त्याची यादी: गुडघेदुखी, टक्कल, मधुमेह, आणि सगळ्यात शेवटी स्नायूंचे आजार.

अक्काला म्हटलं, "म्हशी काढायचं कुणाशी बोलू नका. मला आठ दिवस दे."

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. बावीस वर्षं झाली. गट तपासणं, क्रॉसमॅच, कॅम्पवरून आलेल्या पिशव्यांमधून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे करणं, आणि तारीख उलटलेल्या पिशव्या डिस्कार्डच्या रजिस्टरला चढवणं हे रोजचं काम. डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. पण पत्रकावरच्या त्या चमचमत्या गोळ्यांशी, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या बारीक कणांशी, माझी ओळख जुनी आहे. आमच्या फ्रिजमध्ये त्या रोज तयार होतात.

लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवतात. सीपीडीए या द्रावणात ती ३५ दिवस चालते, सॅगएम असेल तर ४२. पहिल्या आठवड्यातला एक थेंब स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिप ठेवली की पेशी गुळगुळीत दिसतात, मधे खळगी पडलेल्या जाड कडेच्या चकत्या. तिसाव्या दिवसाचा थेंब घ्या. बऱ्याच पेशींना काटे आलेले असतात, गोखरूसारखे. काही नुसत्याच गोल गोळ्या झालेल्या. पेशी म्हातारी होताना आपल्या आवरणाचा लहानसा तुकडा फुगवून बाहेर सोडते, आणि त्यात आतलं थोडं काही बांधून जातं. हे तुकडे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. आमच्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत, दिसतो तो पेशीचा बदललेला आकार. शरीरातही हेच चालतं. लाल पेशी १२० दिवस जगते आणि तेवढ्यात स्वतःतलं जवळजवळ २० टक्के हिमोग्लोबिन अशा तुकड्यांतून सोडून देते.

शिकताना आम्हाला हा साठवणुकीचा दोष म्हणून शिकवला. जुन्या पिशवीत हे कण वाढतात, रक्त गोठण्याला चालना देतात, म्हणून ते नकोसे. पुस्तकातला शब्द 'पुटिका'. मी मनात 'पुरचुंडी' म्हणते. आजी शेताला निघताना फडक्याच्या कोपऱ्यात चटणी बांधून कमरेला खोचायची, तशी. पेशीचंच फडकं, पेशीतलीच चटणी.

या पुरचुंड्यांना आधी सगळ्यांनीच कचरा मानलं. १९६७ साली पीटर वुल्फ यांना प्लाझ्मात प्लेटलेटचे बारीक कण सापडले, त्यांनी नाव दिलं 'प्लेटलेटची धूळ'. १९८३ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या लाल पेशींवर काम करत होत्या. सांगोल्याकडची आमची माणसं मेंढरात जन्म काढतात, म्हणून ही गोष्ट मला विशेष जवळची. कोवळ्या पेशीच्या अंगावर लोह आत घेण्यासाठी एक प्रथिन असतं. पेशी पिकली की त्याची गरज संपते. ते प्रथिन जातं कुठे, हे शोधताना दिसलं की पेशी ते बारीक पिशव्यांत भरून बाहेर टाकते. त्याच वर्षी अमेरिकेत फिलिप स्टाल यांच्या गटाला उंदराच्या पेशींत तेच दिसलं. या पिशव्यांसाठी एक्झोसोम हे नाव जॉनस्टोन यांनी पुढे १९८७ मध्ये वापरलं.

कचऱ्याची शिदोरी झाली ती २००७ मध्ये. स्वीडनमध्ये यान लोटवाल यांच्या गटाने उंदराच्या पेशींच्या पुरचुंड्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झाली. म्हणजे आत एमआरएनए, प्रथिन कसं करायचं ते सांगणारा रेणू, होता आणि तो पोचल्यावर वाचलाही गेला. एका पेशीने लिहिलेली चिठ्ठी दुसरीने उघडून वाचली. ते पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे चिनू होता.

चिनू अक्काचा धाकटा. नऊ वर्षांचा, चौथीत. हुशार, बडबड्या, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ. त्याला ड्यूशेन आहे, स्नायू झिजत जाण्याचा जन्मजात आजार. पाच वर्षांचा असताना मीच पाहिलं होतं: जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. आई म्हणायची, लाडावलाय. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं होतं. रक्तातलं सीपीके तपासलं, स्नायू झिजले की ते वाढतं, मग जनुकाची चाचणी, आणि आता दर सहा महिन्यांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई. स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाचा इको. टाचा टेकत नाहीत त्याच्या आता, चवड्यांवर चालतो.

रिपोर्टात एक ओळ आहे: डिस्ट्रोफिन जनुकातले ४८ ते ५० हे एक्झॉन गायब. डिस्ट्रोफिन म्हणजे स्नायू टिकवून धरणारं प्रथिन. त्याचं जनुक माणसातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी, त्याचे ७९ तुकडे, त्यांना एक्झॉन म्हणतात. तुकडे एकापुढे एक जोडून आरएनएची चिठ्ठी तयार होते आणि पेशी ती तीन-तीन अक्षरं धरून वाचते. चिनूच्या चिठ्ठीत तीन तुकडे नाहीत. एके सुट्टीत तो माझ्याकडे आला होता. शेंगाची चटणी कुटता कुटता मी त्याला ओट्याशी बसवलं आणि वाणसामानाच्या वहीत आकडे लिहून दिले. ४८वा तुकडा १८६ अक्षरांचा, ४९वा १०२, ५०वा १०९. "बेरीज कर." त्याने केली, ३९७. "तीनने भाग." बोटं मोजत म्हणाला, "१३२, बाकी १."

ती बाकी १ म्हणजेच त्याचा आजार. एक अक्षर मागेपुढे झालं की पुढची सगळी चिठ्ठी बिघडते, वाक्य मधेच तुटतं, प्रथिन तयारच होत नाही.

मग मी त्याला ५१वा तुकडा दिला, २३३. "हाही काढून टाकला तर?" ३९७ आणि २३३, ६३०. त्याने भागाकार केला आणि एकदम मान वर केली. "बाकी शून्य!"

औषधाची सगळी कल्पना त्या शून्यात आहे. पेशीला ५१वा तुकडा गाळायला लावायचा, म्हणजे चिठ्ठी आखूड होते पण पुढचं वाचता येतं. थोडं तोकडं का होईना, डिस्ट्रोफिन तयार होतं. त्या तुकड्यावर झाकण घालणारा आरएनएसारखा बारीक रेणू म्हणजे औषध. अमेरिकेत असं एक औषध, एटेप्लिरसेन, २०१६ मध्ये मंजूर झालं. दर आठवड्याला शिरेतून द्यायचं. किंमत आमच्यासारख्यांनी विचारूच नये अशी. आणि इतकं करून स्नायूत तयार होणारं डिस्ट्रोफिन निरोगी माणसाच्या १ टक्क्याच्याही खाली राहिलं. युरोपच्या औषध संस्थेने २०१८ मध्ये त्याला मान्यता नाकारली.

का? रेणू चुकीचा नाही. पोचत नाही. शिरेत सोडल्यावर काही तासांत मूत्रपिंडं तो गाळून टाकतात. स्नायूत शिरतो तो थोडा, हृदयात तर फारच थोडा. आरएनएवर बेतलेल्या सगळ्याच औषधांचं दुखणं हे आहे. उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, विकरं त्याचे तुकडे करतात. टिकवला तरी पेशीचं आवरण त्याला आत घेत नाही. म्हणून त्याला चरबीच्या बारीक गोळीत भरतात. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरन हे औषध असंच आहे, कोविडच्या एमआरएनए लशीही तशाच. आपल्या पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने केलेल्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तिने तर साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकून दाखवलं. पण शिरेतून दिलेल्या या चरबीच्या गोळ्यांचा ओढा यकृताकडे. यकृताचा आजार असेल तर उत्तम. चिनूचं यकृत ठणठणीत आहे, त्याला मांडीत हवंय, छातीत हवंय. पाठीच्या कण्याच्या स्नायुदोषाच्या मुलांना नुसिनर्सेन हे औषध थेट मणक्यात टोचतात, तेही याच कारणाने. सगळ्या अंगभर पसरलेल्या स्नायूंत तुम्ही किती सुया टोचणार?

मग लोकांनी पेशीचीच पुरचुंडी हातात घेतली. ती शरीराला परकी वाटत नाही. काहींच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं, ते भक्षक पेशींना 'मला खाऊ नको' असं सांगतं. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅथ्यू वुड यांच्या गटाने उंदराच्या पेशींत फेरफार करून त्यांच्या पुरचुंड्यांवर मेंदूतल्या चेतापेशींना चिकटणारा एक तुकडा बसवला, जणू पत्ताच लिहिला. आत जनुक गप्प करणारा एसआयआरएनए भरला आणि शिरेत टोचला. तो मेंदूत पोचला आणि अल्झायमरशी संबंधित एक जनुक निम्म्याहून जास्त दबलं.

आणि २०१८. चीनमधल्या तिआनजिनच्या गटाने पुरचुंडीच्या अंगावरच्या एका प्रथिनाला पकडणारा बारीक तुकडा शोधला. त्याला त्यांनी ड्यूशेनचंच, तुकडा गाळणारं औषध अडकवलं आणि ते आजारी उंदरांना दिलं. पुरचुंडीवाचून दिलेल्या औषधाच्या तुलनेत मांडीच्या स्नायूत १८ पट डिस्ट्रोफिन. उंदीर आहेत, माहीत आहे मला. तरी तो आकडा मी वहीत चिनूच्या भागाकाराखालीच लिहून ठेवला आहे.

त्याच वर्षी हाँगकाँगहून मिन्ह ले यांच्या गटाचं काम आलं, ते तर माझ्या टेबलावरचं. त्यांनी लाल पेशींपासून पुरचुंड्या काढल्या. कारण साधं: ओ गटाचं रक्त रक्तपेढीत मिळतं, आणि माणसाच्या पिकलेल्या लाल पेशीत केंद्रकच नसतं, म्हणजे डीएनए नाही, म्हणजे नको ते जनुक औषधाबरोबर दुसऱ्याच्या अंगात जाण्याची भीती नाही. पेशींत कॅल्शियम शिरेल असं रसायन घातलं की त्या भराभर पुरचुंड्या सोडतात. त्यात आरएनएचं औषध भरून त्यांनी रक्ताच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत पोचवलं, उंदरांतही करून पाहिलं. माझ्या हातून आजवर किती ओ पॉझिटिव्ह पिशव्या गेल्या त्याचा हिशेब नाही. आम्ही ज्याला दोष म्हणत आलो, ते त्यांनी मुद्दाम घडवून आणलं.

इथपर्यंतचं वाचून अक्का म्हणाली असती, मग घेऊ या की इंजेक्शन. म्हणून पुढचं वाचणं मला जास्त गरजेचं होतं.

पुरचुंडी मिळाली तरी ती भरणं अवघड. विजेचा झटका देऊन आवरणाला क्षणभर भोकं पाडायची आणि आरएनए आत घुसवायचा, ही एक रीत. २०१३ मध्ये लक्षात आलं की त्या झटक्याने आरएनएच्याच गुठळ्या होतात, आणि आत गेला म्हणून मोजलेला बराचसा माल प्रत्यक्षात बाहेर गोळा झालेला असतो. निसर्गतः आत किती असतं? २०१४ मध्ये एका गटाने मोजलं, तर एखादा ठरावीक सूक्ष्म आरएनए शंभर पुरचुंड्यांत एकही नसावा इतका विरळ. त्यातून शिरेत सोडल्या की बहुतेक पुरचुंड्या काही मिनिटांत यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात, जर पत्ता नीट लिहिलेला नसेल तर. पेशीत शिरल्यावरही पुष्कळ जणींची गाठ सुटत नाही, पेशीच्या पचनाच्या पिशवीत त्या तशाच विरघळतात. आणि एका बॅचची पुरचुंडी दुसऱ्या बॅचसारखी निघेल याची खात्री करणं, हे तर रक्तपेढीत काम करणाऱ्याला सांगायलाच नको. दोन दात्यांच्या पिशव्या कधी सारख्या असतात का? कोडियाक नावाची अमेरिकी कंपनी याच वाटेवर माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली होती, २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. टेक्सासमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी अशा पुरचुंड्यांची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. काम थांबलेलं नाही. पण दुकानात मिळेल असं त्यातलं काही झालेलं नाही.

आठवड्याच्या शेवटी मी त्या क्लिनिकला फोन लावला. मुलाची मावशी म्हणून. फोनवरची मुलगी गोड बोलणारी होती. विचारलं, कुठल्या पेशींपासून काढता? "स्टेम सेल, मॅडम." कुणाच्या? "इम्पोर्टेड आहे." एका कुपीत कण किती? "बिलियन्स." आत ड्यूशेनसाठी काय भरलंय? ती थांबली. "मॅडम, ते नॅचरल असतं, आपोआप काम करतं." कुठल्या चाचणीत नोंदणी आहे, नंबर द्या. "डॉक्टरांशी बोलून कळवते." कळवलं नाही.

आमच्याकडे एका पिशवीमागे किती कागद असतात! दात्याचा फॉर्म, हिमोग्लोबिन, पाच तपासण्या, गट, पिशवीचा नंबर, फ्रिजचा तापमानाचा तक्ता. दुसऱ्याच्या शरीरातलं काही तिसऱ्याच्या शिरेत सोडायचं तर एवढं करावंच लागतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या शिरेत 'इम्पोर्टेड' म्हणून काहीतरी सोडायला निघालेल्या त्या माणसांचा मला फार राग आला, अजूनही येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच एक्झोसोमच्या अशा उपचारांबद्दल जाहीर इशारा दिला होता, नेब्रास्कात काही रुग्णांना गंभीर त्रास झाल्यानंतर. मान्यता मिळालेलं एकही एक्झोसोम उत्पादन नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

मी मंगळवेढ्याला गेले. दाजी ओसरीवर बसले होते, काही न बोलता ऐकत राहिले. मी वहीतला भागाकार दाखवला. म्हटलं, "दाजी, चिनूला त्या ५१व्या तुकड्यावर बसणारं झाकण हवंय. ह्यांच्या पुरचुंडीत ते नाही. रिकामं फडकं २ लाख ४० हजाराला विकायलेत." ते बराच वेळ गोठ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "रिकामं नसतं तर म्हशी काढल्याच असत्या मी." "मीही माझ्या पाटल्या दिल्या असत्या," मी म्हटलं.

गोठ्यात तलवारीसारख्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी रवंथ करत होत्या. अक्काने चहा आणला आणि विचारलं, "दुधातही असतात म्हणालीस ना त्या पुरचुंड्या? मग ह्याला दूधच जास्त देऊ का?" प्रश्न चांगला होता. दुधात त्या खरोखर भरपूर असतात, पोटातल्या आम्लातही बऱ्यापैकी टिकतात. अमेरिकेत लुईव्हिल विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये गाईच्या दुधातल्या पुरचुंड्या औषध वाहायला वापरून दाखवल्या. पण ती गाडी झाली, माल वेगळा भरावा लागतो. "दूध दे हाडांसाठी," मी म्हटलं, "स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, डॉक्टरांनी सांगितलंय ना. आणि इकोची तारीख चुकवू नका."

चिनूची पुढची मुंबईची खेप जूनमध्ये होती. संध्याकाळीच सगळे सोलापुरात आले, गाडी रात्रीची. मी आमच्या डॉक्टरांना विचारून त्याला थोडा वेळ रक्तपेढीत आणलं. पायऱ्या तीनच, पण दाजींनी त्याला उचलून घेतलं. डिस्कार्डला निघालेल्या पिशवीच्या नळीतून मी एक थेंब काढला, हातमोजे घालूनच, स्लाइड लावली, खुर्ची उंच केली.

"काटे आलेत," तो म्हणाला.

"हं."

"ह्यातनंच पडतात त्या?"

"ह्यातनंच. पण ह्या यंत्रात दिसत नाहीत, फार बारीक आहेत."

त्याने डोळा काढला नाही. चाक कसं फिरवायचं ते दाखवलं होतं, तो हळूहळू फिरवत राहिला, पुढे मागे, पुढे मागे. बाहेरून अक्काने हाक मारली, डबा घ्यायचा राहिलाय म्हणून.

"थांब गं आई," तो म्हणाला, "मी शोधायलोय."